गोळी घेतली का?

माझ्या सासूबाई शिलाई मशिनं दुरुस्त करतात. हात तेलकट, जीभ तिखट, आणि एकदा मनात धरलं की सात जन्म सोडायच्या नाहीत. त्यांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, त्यांच्या दिराचं तसलंच दुकान आहे. त्याला काका म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मी त्याला धाकटा म्हणते.

समोरचं दुकान आधी दोघा भावांचं होतं. माझे सासरे मशीन उचलून जिना चढले की त्यांच्या छातीत आवळायचं. थांबले की बरं वाटायचं. पुढे पुढे नुसतं स्टुलावर बसूनही आवळायला लागलं, डावा हात भरून यायचा. धाकटा गिऱ्हाइकांसमोर हसायचा, "गॅस झालाय! दादाला बरा कामाच्या वेळीच होतो!" सासरे भिडस्त माणूस, लाजले आणि सोडा पीत राहिले. एका सकाळी स्क्रू पिळता पिळता कोसळले ते उठलेच नाहीत.

नंतर डॉक्टरांनी सासूबाईंना समजावलं. चालताना दुखतं, थांबलं की राहतं, ते वेगळं. बसल्या जागी दुखायला लागलं, वरचेवर आणि आधीपेक्षा जास्त, तर हृदयाची रक्तवाहिनी केव्हाही बंद पडू शकते. झटका अजून आलेला नसतो, तेव्हाच आणलं तर बहुतेकदा माणूस वाचतो. सासूबाईंनी ते शब्द गाठीला बांधले. समोर गाळा घेतला आणि धाकट्याशी बोलणं तोडलं. "ह्यालाही तसंच मरण येवो," हे मात्र रस्ताभर ऐकू जाईल असं म्हणायच्या.

आणि आलंच की! एका दुपारी धाकटा काम टाकून बसलेला दिसला. हात छातीवर, कपाळावर घाम, शेजारी सोड्याची बाटली. जरा बरं वाटलं, की पुन्हा तेच. सासूबाईंच्या हातातला पाना थांबला. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी म्हटलं, "बसा हो आई. गॅस असेल."

त्यांनी माझ्याकडे एकदा जळजळीत पाहिलं. फोन करून गाडी बोलावली आणि रस्ता ओलांडून गेल्या. जन्मभर त्याला "भावजी, तुम्ही" म्हटलेली बाई, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलली ते, "हलू नकोस!"

"वहिनी, काही नाही हो, गॅस..."

"तो शब्द पुन्हा काढलास तर पाना डोक्यात घालीन."

दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला, रक्ताची पहिली तपासणीही ठीक. धाकट्याला लगेच जोर चढला. "बघा! जातो मी घरी." डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कधी दुखतं? म्हणाला, "जड उचललं की."

"खोटारडा मेला!" सासूबाई म्हणाल्या. "आज बसून दुखलं, पुन्हा पुन्हा. मी पाहिलंय."

डॉक्टरांनी त्याला ठेवूनच घेतलं. पहिल्या तपासण्या ठीक असल्या तरी हे दुखणं दगा देतं, म्हणाले. चावायला एक गोळी, जिभेखाली दुसरी, गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घालून पाहिलं, तर मुख्य वाहिनी दोऱ्याएवढी उरलेली. तिथे स्टेंट बसवला.

शुद्धीवर धाकटा होताच, पण आता अक्कलही आली. रडत हात जोडले. "वहिनी, तुम्ही देव आहात."

"देव माफ करतो, मी नाही. मेला असतास तर सुटला असतास. ह्यांना काय होत होतं, ते आता तुला कळलंय. ते घेऊन जग."

आता रोज सकाळी दोन्ही शटरं वर गेली की सासूबाई दारात येतात आणि गिऱ्हाइकांदेखत ओरडतात, "गोळी घेतली का?"

धाकटा उभा राहतो. "घेतली, वहिनी."

"कशाची?"

"हृदयाची."

"गॅसची नाही ना?"

तो मान खाली घालतो. "नाही, वहिनी."

मग सासूबाई आत येतात आणि कामाला लागतात.