घोड्याच्या खुरातलं भोक

चौकातला ब्राँझचा घोडा धुण्याचं काम सव्वीस वर्षं त्याच्याकडे होतं. येता-जाता सगळं शहर त्या घोड्याकडे बघायचं, पण पाहिला होता तो यानेच. घडवणाऱ्याने पोटाखाली, जिथे कुणी मान वाकडी करून बघणार नाही, तिथेही शिरा काढल्या होत्या. साबण लावताना तो त्यांच्यावरून अंगठा फिरवायचा. बायको म्हणायची, "सवत मिळाली ती पण चार पायांची!"

एका खुरात बोटाएवढं भोक होतं. पाऊस पडला की तिथून पाणी गळायचं आणि पांढऱ्या चौथऱ्यावर तांबडे ओघळ यायचे. "घोड्याला लागली बघा!" म्हणून लोक खिदळायचे. लोकांचं काय, फुकटात दात काढायला मिळाले की झालं. याला मात्र ते फार झोंबलं. सात वर्षांपूर्वी त्याने गुपचूप सिमेंट कालवून भोक बुजवलं. चौथरा लख्ख झाला, मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली.

यंदा घोड्याच्या पोटावर टिचकी मारली, तर नेहमीचा टणकार येईना. मागच्या पायाला केसाएवढी चीर दिसली. त्याने घाईघाईने सिमेंट फोडलं. आतून नुसता गंजाचा काळा चिखल आला. सात पावसाळ्यांचं कोंडलेलं पाणी आतल्या लोखंडी कांबी खाऊन बसलं होतं.

तो मुकादमाकडे गेला. "घोडा खचतोय."

"इतकी वर्षं नाही खचला, आता काय धाड भरली?"

खरं कारण जिभेवर आलं होतं. पण साहेबांची शाबासकी आठवली आणि तो एवढंच म्हणाला, "मागच्या पायाला चीर गेलीय."

"चीर भर, वरून रंग मार," मुकादम म्हणाला.

त्याने मारला. हात इतका बसलेला, की चीर कुठे होती ते त्यालाही सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी घोड्याच्या सावलीत बसली. शेजारी दहा-बारा माणसं टेकली होती. तो नळावर हात धुऊन वळला. रंग फाटला होता आणि चिरेत करंगळी जाईल एवढी फट पडली होती.

"उठा! भोक मी बुजवलंय! मीच!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

नवऱ्याचा असा आवाज तिने उभ्या संसारात ऐकला नव्हता. डबा तिथेच टाकून ती त्याच्याकडे धावत आली. बाकीचे हसत होते. एकजण सरकून तिच्या रिकाम्या झालेल्या सावलीत बसला.