सात केसपेपर, एक रक्तदाब

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, आणि तो नक्की त्याचाच होता का?

आमच्या रेवदंड्याच्या गल्लीत हा प्रश्न कुणाला विचित्र वाटणार नाही. गल्लीत सात म्हाताऱ्या. मुलं मुंबईला, नाहीतर आखातात. आरोग्य केंद्रापर्यंत चालवत असे ते एकीलाच. मासळीच्या दिवसांत ती सगळ्यांची मासळी एकटीच बाजारात न्यायची. गोळ्याही तशाच आणू लागली. दर बुधवारी सात केसपेपर पिशवीत घालून निघायची.

केंद्रात नर्स एक, रांग फाटकाबाहेर. त्याच फाटकात उभी राहून मी ‘आरोग्य हा आमचा हक्क’ असं पत्रक वाटत होते. रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनी ते ओल्या बाकावर अंथरलं आणि ती त्यावर बसली.

आत नर्स त्या बाईचा दाब मोजायची आणि विचारायची, “बाकीच्या?”

“बऱ्या हायत.”

सातही कागदांवर तोच आकडा चढायचा. बाई ठणठणीत होती, त्यामुळे काही महिन्यांत सातही जणी सुधारल्या. सातांतली एक माझी आत्या. केंद्रातल्या डॉक्टरांनी तिची गोळी अर्ध्यावर आणली. आत्या मला म्हणाली, “तू पत्रकं वाटीत बस. मी बघ, घरात बसून बरी झाले.”

मग एका सकाळी सुके बोंबील निवडताना आत्याच्या उजव्या हातातून ते गळायला लागले. तोंडही वाकडं झालं. रिक्षाने अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी केसपेपर पाहिला. “यांचा दाब तर उत्तम आहे,” ते म्हणाले. मग मोजला. परत मोजला. मग दुसरं मशीन मागवलं.

आत्या वाचली. हात अर्धाच परत आला. मासळी कापायची कोयती त्यात राहत नाही. ती बाई रोज संध्याकाळी येऊन बसते.

“माझा दाब तुला लागू न्हाय पडला गं.”

“तुझं पोलकं बी मला कधी झालं न्हाय,” आत्या म्हणते.

मी नर्सशी भांडायला गेले होते. तिने मान वर न करता रांगेकडे बोट दाखवलं. मी रांग मोजली. प्रत्येकाचा दाब मोजायचा तर तिला तिथेच मुक्काम करावा लागला असता. तेव्हा भांडण तिच्याशी नव्हतंच. म्हाताऱ्यांची रांग दरवर्षी लांबते आणि नर्सची जागा एकच राहते, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याशी आहे.

तेव्हा एवढं करा. या आठवड्यात शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला स्वतः केंद्रात न्या आणि त्याचा दाब त्याच्याच दंडावर मोजून घ्या. आणि येत्या ग्रामसभेत उठून विचारा: दुसरी नर्स कधी? उत्तर लेखी घेतल्याशिवाय बसू नका.