लवंग मला लागत नव्हती

चूक माझी होती. हे वाक्य पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण ऑफिसात ते म्हणायला मला चार दिवस लागले.

मंगळवारी सकाळी रिकने, म्हणजे माझ्या बॉसने, केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक व्हेप, म्हणजे ई-सिगारेटचं यंत्र, पडलं होतं. त्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

"क्लायंटने पाठवलंय," रिक म्हणाला. "तुझं मसाला पान भरलं होतं यात. त्याची जीभ तासभर बधिर होती. विचारतोय, हा फ्लेवर आहे की डेंटिस्टचं इंजेक्शन?"

मी अमेरिकेत, अल्फारेटा गावाजवळच्या एका छोट्या फ्लेवर कंपनीत केमिस्ट आहे. घरच्या घरी व्हेपचं लिक्विड मिसळणारे लोक आमचे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे घट्ट अर्क, विकत घेतात आणि ग्लिसरीनच्या बिनवासाच्या बेसमध्ये घालतात. अर्कात काय किती असावं आणि तो बेसमध्ये किती टक्के घालावा, हे मी ठरवतो. मी स्वतः आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही. सांगलीच्या नातेवाइकांना 'फूड लाइनमध्ये आहे' एवढंच सांगून ठेवलंय.

पानाच्या अर्कात गुलकंद, बडीशेप, वेलची, मेन्थॉलचा गारवा आणि लवंग होती. लवंगेचं काम फोडणीतल्या हिंगासारखं. आहे हे कळू नये, नाही हे मात्र कळावं. शिवाय लवंगेचं तेल जास्त झालं तर काही प्रकारच्या प्लॅस्टिकला तडे जातात. हे सगळं मला पाठ होतं. पण मला लवंग लागतच नव्हती. थोडी वाढवली. लोणच्यासारखं आठवडाभर मुरू दिलं आणि साखरेच्या पाण्यात थेंब टाकून चाखलं. छे! अजून वाढवली. सुरुवातीच्या पाचपट झाली तेव्हा कुठे समाधान झालं.

प्रत्यक्ष ओढून बघायचं काम आमच्या टेक्निशियनचं, डेनीसचं. ती साठीकडे झुकलेली, पूर्वीची पक्की स्मोकर, आणि कॉन्ट्रॅक्टवर. एक झुरका घेऊन ती खोकली.

"हनी, लवंग फार आहे."

"इंडियन फ्लेवर आहे हा, डेनीस. तुला नाही कळणार."

"जीभ तर माझीच बधिर झालीये!"

"सवय नाही ना, म्हणून."

क्लायंटची बाटली डेनीसने माझ्या फॉर्म्युल्याप्रमाणे वजन करून भरली होती. त्यामुळे मंगळवारी मी काय केलं? जेवण झाल्यावर माझ्याकडचं मूळ सॅम्पल चाखलं. उत्तम होतं. म्हणजे बिघाड त्या बाटलीत. रिकला रिपोर्ट पाठवला: 'बहुधा टेक्निशियनकडून वजनात चूक.' 'बहुधा' घातल्यामुळे आपण फार न्यायी वागलो, असंही वाटलं.

"तिचं कॉन्ट्रॅक्ट शुक्रवारी रिन्यू करायचंय," रिक म्हणाला. "आता विचार करावा लागेल."

मी मान डोलावली. ती मान अजून दुखते.

गुरुवारी संकष्टी होती. संकष्टी मी कडक करतो, चहापाण्यावर. दुपारी क्लायंटला उत्तर लिहायचं होतं म्हणून सॅम्पल बाहेर काढलं, आणि शंका आली. बायकोला फोन लावला.

"सुनंदा, नुसता वास घेतला तर उपास मोडतो का गं?"

"वासाने मोडत असता तर स्वयंपाक करणाऱ्या एकाही बाईचा उपास पार पडला नसता. घे वास."

कागदाची पट्टी बुडवून नाकाशी नेली आणि खुर्चीसकट मागे सरकलो. डोळ्यांत पाणी आलं. नुसती लवंग! गुलकंद, वेलची, सगळे तिच्याखाली चिरडलेले.

सॅम्पल तेच होतं, नाकही तेच. फरक एकच होता. मी जेवलो नव्हतो. आणि जेवलो नव्हतो म्हणून डबीतल्या दोन लवंगा तोंडात टाकल्या नव्हत्या. जेवणानंतर दोन लवंगा, ही माझी हॉस्टेलपासूनची सवय. लवंगेने जीभ बधिर होते आणि सतत तोच वास घेतला की नाकाला तो कळेनासा होतो. सकाळी माझ्या मीटिंग असतात, त्यामुळे चाखणं नेहमी जेवणानंतर. आजवर ब्लूबेरी आणि कस्टर्ड केले, त्यात हे बिंग फुटलं नाही.

समोर भिंतीवर नोटीस होती: 'टेस्टिंगआधी कॉफी, मिंट, परफ्यूम सक्त मना.' अक्षर माझं. च्युइंगगमवरून मी डेनीसला एकदा सगळ्यांदेखत झापलंही होतं.

मग जे मंगळवारी करायला हवं होतं ते केलं. बॅचचा कागद उलटला. मागे वजनकाट्याची छापील चिठ्ठी स्टेपल केलेली होती. प्रत्येक वजन फॉर्म्युल्याबरहुकूम.

रिकला ईमेल लिहायला बसलो. 'पुनर्तपासणीत काही नवी माहिती पुढे आली आहे.' खोडलं. 'फॉर्म्युल्यात किंचित सुधारणेस वाव आहे.' तेही खोडलं. लवंग पाचपट घालताना एवढी खाडाखोड केली नव्हती.

शुक्रवारी सकाळी डेनीसला पार्किंग लॉटमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. लवंगांची डबीही दाखवली. तिने डबी उघडून वास घेतला.

"म्हणजे डेंटिस्ट तू खिशात घेऊन फिरतोस?"

"सॉरी, डेनीस."

"इथे नको, हनी. इथे माझी गाडी सोडून कोणी ऐकत नाहीये. तू रिपोर्ट गाडीला पाठवला होतास का?"

नऊच्या मीटिंगला रिक होता, सेल्सचे दोघे होते आणि डेनीस दाराजवळच्या खुर्चीत. कॉन्ट्रॅक्टचा कागद रिकच्या पुढ्यात होता, सही न झालेला. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण शाळेत चूक कबूल करताना उभे राहायचो. डबी टेबलावर ठेवली आणि म्हणालो,

"डेनीसचं प्रत्येक वजन बरोबर होतं. चिठ्ठी जोडलेली होती, मी बघितली नाही. तोंडात लवंग ठेवून मी लवंग मोजत होतो. डेनीस, तुला कळणार नाही असं मी म्हणालो होतो. आपल्या दोघांत कळत फक्त तुलाच होतं. मला माफ कर."