चहा होऊ द्यायचा नाही

घरं विकण्याच्या धंद्यात शिरले तेव्हा वर्षभर मी एका जुन्या एजंटाच्या मागे मागे फिरले. सातबारा कसा वाचायचा, भाव कसा काढायचा, यातलं त्याने काही शिकवलं नाही. एकच नियम शिकवला. "मालक आणि पार्टी यांच्यात चहा होऊ द्यायचा नाही." पार्टी म्हणजे घर घेणारा. मला आधी हसू आलं होतं. मग डोळ्यांदेखत पाहिलं. कप हातात आला की माणूस बसतो, आणि बसला की विचारतो, "गाव कोणतं तुमचं?" आमच्या नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विचारायचा अवकाश, कुणाची तरी मावशी कुणाच्या तरी चुलत्याला दिलेली निघतेच. मग नंबर दिले-घेतले जातात आणि आपण दारात चपला शोधत राहतो. याला आम्ही पार्टी 'डायरेक्ट' झाली म्हणतो. आपले दलालीचे दोन्हीकडचे दोन-दोन टक्के गोदावरीत वाहून गेले असं समजायचं आणि स्कूटरला किक मारायची.

हा नियम मला मानवला, कारण एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही. पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. मालकीणबाई स्वयंपाकघराकडे वळल्या रे वळल्या की मी घड्याळ बघायचे. "काकू, चहा राहू द्या, अजून दोन घरं बघायचीत." ती दोन घरं बहुतेक वेळा नसायचीच.

पुढे मी स्वतःच्या नावावर काम सुरू केलं आणि कळलं की खरा जोर पार्टीत नसतो, मालकात असतो. पार्टी काय, आज तुमच्याबरोबर फिरते, उद्या दुसऱ्याबरोबर. मालक ज्याचा, सौदा त्याचा. माझ्याकडे एकही मालक नव्हता. दुसऱ्या एजंटांच्या मालकांकडे पार्टी घेऊन जायची आणि निम्म्यावर समाधान मानायचं, तेही तो वेळेवर देईल तेव्हा. दिवाळीपर्यंत माझा स्वतःचा एक तरी सौदा झाला नाही, तर पुन्हा बिल्डरच्या ऑफिसात जाऊन 'वेलकम सर' म्हणत बसेन, असं मी नवऱ्याला कबूल केलं होतं. नुसत्या आठवणीने माझं डोकं उठायचं.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका रो-हाउसवर तेव्हा पाटी दिसली. 'घर विकणे आहे. एजंटांनी फोन करू नये.' दुसऱ्याच दिवशी मी बेल वाजवली. दार उघडलं ते ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेल्या एका काकांनी. बनियनवर टॉवेल, हातात गाळणी.

"पाटी वाचली नाही का?"

"वाचली ना. फोन करू नका लिहिलंय, म्हणून स्वतः आले."

ते हसले, पण आत या म्हणाले नाहीत. मग मी तोंडाला येईल ते बोलून टाकलं. म्हटलं, काका, शेजारच्या घराचा जो आकडा तुमच्या डोक्यात आहे ना, तो त्यांनी मागितलेला आहे, मिळालेला नाही. तेवढा तुम्हालाही मिळणार नाही. आणि मागच्या भिंतीची ओल मी गल्लीतून बघून आलेय, ती झाकू नका, ज्याला घर घ्यायचंय तो आधी तिथेच हात लावून बघतो. बाकीचे एजंट म्हणे त्यांना सांगत होते, काका, सोन्यासारखं घर, चुटकीसरशी जाईल. काकांनी पाटी काढून आत ठेवली. मला इतका आनंद झाला की मी गेटवर गुडघा आपटून घेतला.

"पण मला एक सांगा," ते म्हणाले, "दोन टक्के कशाचे? दार उघडून दाखवायचे?"

मी ठोकळेबाज उत्तर दिलं, कागदपत्रं, धावपळ, वगैरे. त्यांना पटलं नाही हे मला दिसत होतं. मलाही फारसं पटलं नव्हतं.

खरी अडचण मला पहिल्या पार्टीच्या वेळी कळली. काकांची बायको वर्षापूर्वी गेली होती. तिच्यामागे ते चहा करायला शिकले होते आणि आलेल्या माणसाला तो पाजल्याशिवाय सोडत नव्हते. आलं, गवती चहा, सगळं साग्रसंगीत. मी प्रत्येक वेळी नवी थाप मारायचे. यांना शुगर आहे. यांचा उपवास आहे. एकदा तर पार्टी सोफ्यावर टेकलेली असताना मी तिला दंडाला धरून गच्ची बघायला नेलं. काका ट्रे घेऊन जिन्याखाली उभे, आणि मी वरून टाकी दाखवत्ये.

भाद्रपदात निफाडकडचं एक जोडपं आलं. द्राक्षाची बाग, मुलगी कॉलेजला, तिच्यासाठी नाशकात घर हवं होतं. बाईंना ओटा आवडला, त्यांच्या नवऱ्याने भिंतीला हात लावला आणि मान हलवली. घर जमणार हे मला त्या मान हलवण्यातच कळलं. तेवढ्यात बाहेर घंटागाडीचा हॉर्न. माझी स्कूटर आडवी. मी पळत गेले, स्कूटर काढली, घंटागाडीवाल्याशी दोन शब्द भांडलेही, आणि परत येऊन बघते तर तिघं बसलेली. कप अर्धे झालेले.

"अहो ताई, ऐकलं का," काका रडवेल्या आनंदाने म्हणाले, "हे आमच्या सासुरवाडीचे निघाले! यांच्या वडिलांना माझी बायको राखी बांधायची!"

"मंग त्या आमच्या आत्या, अन् तुमी आमचे मामाच की," तो गृहस्थ म्हणाला.

झालं, म्हटलं, गेलं. वर पित्रं सुरू होणार होती. पितृपक्षात कोणी इसार देत नाही, तेव्हा "पित्रं झाल्यावर बघू" म्हणून ती मंडळी निघाली. जाताना दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले, माझ्यासमोर.

तो पंधरवडा मी कसा काढला ते माझ्या नवऱ्याला विचारा. कुणाचा फोन नाही. मी करायचे, तर काका म्हणायचे, "बघू ताई, बघू." रोज काही ना काही निमित्त काढून मी त्या गल्लीतून जायचे. एकदा दारात निफाडच्या मंडळींचा पिकअप उभा दिसला, मागे द्राक्षाचे रिकामे क्रेट. आतून हसण्याचा आवाज. मी इतकी चिडले की पुढच्या चौकात उगाचच एका रिक्षावाल्यावर खेकसले. माणसांनी गोड बोलून गळा कापावा, तोही चहा पीत पीत! घरी येऊन बिल्डरच्या ऑफिसात घालायच्या साड्या इस्त्रीला टाकल्या.

घटस्थापनेच्या सकाळी काकांचा फोन आला. "ताई, असाल तशा या."

गेले तर पिकअप दारातच. काकांनी मला गेटवरच गाठलं. "अहो, मी यांच्याशी भावाचं कसं बोलू? बायकोच्या माहेरची माणसं! ते म्हणतात, मामा, तुम्ही सांगाल ते. मी म्हणतो, तुम्ही द्याल ते. पंधरा दिवस झाले, आम्ही नुसता चहा पितोय."

आत पाऊल टाकलं तर तो गृहस्थ मला ओट्यापाशी ओढून घेऊन गेला. "म्याडम, तुमीच बोला बरं. मामांशी पैशाचं बोलायला लय लाज वाटती. आमच्यानं नाय व्हायचं."

मी पदर खोचला. काकांना बाहेरच्या खोलीत बसवलं, त्याला स्वयंपाकघरात, आणि मधल्या पॅसेजमधून फेऱ्या मारल्या. ओल काढायचा खर्च कुणाचा, हे मी विचारलं. रक्कम कधी, किती, तेही मीच विचारलं. दोघांनाही झोंबेल ते बोलले आणि दोघांचाही राग माझ्यावर घेतला. दुपारपर्यंत इसार झाला. काका म्हणाले, "दोन टक्के कशाचे ते कळलं बुवा." मलाही तेव्हाच कळलं. मी उठले, पर्स उचलली.

"बसा हो ताई," त्या बाई म्हणाल्या. त्यांनी काकांच्या हातातून ट्रे घेतला होता आणि माझ्यासमोर कप धरला होता. "सारखं काय पळायचं? तुमचं माहेर कुठलं?"

इतक्या वर्षांत, इतक्या घरांत, मला हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायला मी वेळच कुठे दिला होता? मी कप घेतला, खाली बसले.

"नांदगाव."

"कोण असतं तिथं आता?"

कोणी नाही, म्हटलं. आई-वडील गेल्यावर भावांनी घर विकायला काढलं. मी हक्कसोडपत्रावर सही केली आणि त्याच दुपारच्या गाडीने परत आले, कारण इकडे एका पार्टीला फ्लॅट दाखवायचा होता.

"घेतलं कुणी मग? ओळखीतलंच का?"

मला माहीत नव्हतं. भावांनाही कागदावरच्या नावापलीकडे काही माहीत नव्हतं. मध्ये एजंट होता, आणि तो आपल्या कामात चोख होता. त्याने दोन्हीकडच्यांना रजिस्ट्रारच्या टेबलापर्यंत समोरासमोर येऊच दिलं नाही, आणि तिथूनही घाईघाईने बाहेर काढलं. मागच्या दारी मी शाळेत असताना लावलेलं लिंबाचं झाड आहे. आहे की तोडलं, हे विचारायला माझ्याकडे त्या घराचा नंबर नाही.