तिकीट कधीचं?

प्रिय ईरा आणि नील,

मागच्या वर्षी मी नेपाळहून परत आले तेव्हा तुम्ही फोनवर विचारलं होतं, "आजी, मजा आली?" मी "हो" म्हटलं आणि तुमच्या परीक्षांबद्दल बोलू लागले. ते उत्तर अपुरं होतं. आज घरात रंगारी आहे. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट घासू का, असं तो विचारून गेला. त्याला उत्तर देण्याआधी तुम्हाला सगळं सांगायचं ठरवलं आहे.

आजोबा गेल्यावर वेळ फार आणि काम थोडं, असं झालं होतं. शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंच्या ओळखीनं नेपाळातल्या तानसेन गावी, एका बालगृहात सहा आठवडे इंग्रजी शिकवायला जायचं ठरलं. पोळ्या करणारी सिंधू कणीक मळता मळता म्हणाली, "काहून जाऊन राहिल्या बाई इतक्या दूर? इथं का लेकरं कमी पडली? अन् गुडघा तिकडंच राहिला तं?" मी हसण्यावारी नेलं. गुडघ्याचं तिचं खरं निघालं.

नागपूरहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीपर्यंत बस, मग सीमा पायी ओलांडायची. परदेश म्हणजे एक कमान आणि तिच्याखालून जाणाऱ्या सायकलरिक्षा. ऐन कमानीखाली माझ्या पिशवीचा बंद तुटला आणि मुलांसाठी नेलेली संत्री रस्ताभर घरंगळली. अर्धी परत मिळाली. पुढचा घाट जीपनं. दोनदा मी गाडी थांबवायला लावली. तिसऱ्यांदा ड्रायव्हरनं माझा चेहरा पाहून आपणच थांबवली.

तानसेन डोंगराच्या उतारावर आहे. पोचले तेव्हा खालचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं होतं. बालगृहाच्या फाटकात नऊ वर्षांची एक मुलगी आली, तिनं माझी पिशवी घेतली आणि विचारलं, "टिकट कहिलेको?" (परतीचं तिकीट कधीचं?) मी बोटं दाखवली, सहा आठवडे. तिनं मागे वळून ते ओरडून सांगितलं आणि बाकीची मुलं पुन्हा खेळायला लागली. ही मनमाया.

मुलांना सांभाळणाऱ्या कमलादिदी हिंदी बोलायच्या. म्हणाल्या, "सब पहले यही पूछते हैं, माँजी. जितने दिन की टिकट, उतना मन."

सकाळी इंग्रजी, दुपारी बावीस मुलांची नखं आणि तुटलेली बटणं, दोन्ही वेळा डाळभात आणि गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी). एकदा मी पिठलं केलं. "पहेँलो ढिँडो!" (पिवळी उकड!) म्हणून सगळी हसली, पण पातेलं पुसून खाल्लं. माझ्या संत्र्याची एक फोड चाखून मनमाया म्हणाली, "हाम्रो सुन्तला गुलियो." (आमचं संत्रं गोड.) नागपूरच्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं, कारण ते खरं होतं.

चौथ्या आठवड्यात मी एक चूक केली. आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी तुमची उंची पेन्सिलीनं मांडायची, तशी तिथल्या जेवणघराच्या चौकटीवर मुलांची मांडली. मुलं रांगेत ढकलाढकली करत होती, टाचा उचलून फसवत होती. मनमाया तेवढी लांब उभी. मी बोलावलं तर म्हणाली, "अर्को साल कसले नाप्छ?" (पुढच्या वर्षी कोण मोजणार?)

"मी," असं मी म्हटलं.

कमलादिदींनी माझ्याकडे पाहिलं. मनमाया आली, टाचा जुळवून ताठ उभी राहिली. माझ्या खांद्याच्या जरा खाली भरली.

शेवटच्या आठवड्यात दूरच्या देशातून आठ तरुण मुलंमुली आली. त्यांनाही फाटकात तोच प्रश्न. मनानं चांगली होती. त्यांनी जेवणघर रंगवायला घेतलं. मी निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून परतले तर भिंती निळ्या, चौकटही निळी. चौकटीसमोर ब्रश घेऊन मनमाया उभी होती. तो भाग तिनंच रंगवला होता.

"तुझी खूण होती ना तिथे?" मी अर्ध्या हिंदीत विचारलं.

"हरेक साल रङ लगाउँछन्," ती म्हणाली. (दर वर्षी रंग देतात.) मग ब्रश निथळत म्हणाली, "भोलि तपाईंको टिकट छ." (उद्या तुमचं तिकीट आहे.)

मी खोलीत जाऊन बसले. रडू आलं नाही. फार थकवा आला, इतकंच.

सकाळी शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला. मनमाया न सांगता भिंतीला टेकून उभी राहिली. टाचेपासून डोक्यापर्यंत मोजून मी दोरा कापला आणि तिला दिला. तिनं तो बोटांभोवती गुंडाळून मला परत केला. "तपाईं राख्नुस्." (तुम्ही ठेवा.) फाटकापर्यंत ती आली नाही.

परतीच्या गाडीत मला एक गोष्ट आठवत राहिली. तुम्ही येता तेव्हा विमानतळावरून घरी पोचायच्या आत मी तुमच्या बाबाला विचारते, "परतीचं कधीचं आहे?" पापड-लोणच्याची तयारी करायला लागते म्हणून विचारते, असं मी इतकी वर्षं समजत होते.

आता ते वर्ष पुरं झालं. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं आहे, घाटाचा प्रवास बंद. कमलादिदी म्हणाल्या, मैं बता दूँगी. मी म्हटलं, नको, शब्द मी दिला होता. आज सकाळी मनमायाला फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, की मी येऊ शकत नाही, तिकीट काढलेलं नाही.

 ती म्हणाली, "हस्." (बरं.) मी फोन ठेवणार तेवढ्यात तिनं विचारलं, "धागो छ?" (दोरा आहे?)

"छ," (आहे,) मी म्हणाले.

रंगाऱ्याला मी आत्ताच सांगून आले. तो म्हणाला, "आजी, सारं घर चकाचक अन् एक चौकट मळकी? लोक मले शिव्या देतील न!" म्हटलं, देऊ देत.

चौकटीवर तुमच्या खुणा आहेत. आज त्यांच्यात मनमायाची एक मांडली, ईराच्या नवव्या वर्षाच्या खुणेपेक्षा दोन बोटं खाली. दोरा शिवणाच्या डब्यात आहे.