बाईंच्या डाव्या पायाचं पॅड

आमच्या शाळेत पीटीबाईंना चालताना फारसं कुणी पाहिलं नव्हतं. सकाळची पहिली रिक्षा फाटकाशी यायची तेव्हा बाई मैदानाच्या मधोमध उभ्या असायच्या. निळी ट्रॅक पँट, वर पांढरा कुर्ता, गळ्यात शिट्टी. शेवटचं पोर घरी गेलं तरी त्या तिथंच असायच्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या आणि सगळे तासाला गेले तरी त्यांच्या कपात चहा शिल्लक असायचा. मी तिथं मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा मला वाटलं, बाई फार कामसू आहेत. मग एकदा प्रार्थनेच्या वेळी एक मुलगी चक्कर येऊन पडली आणि बाई धावल्या. डावा पाय बाजूला फेकत, खांदा वरखाली करत त्या धावल्या. मुलीला काही झालं नव्हतं. पण मागच्या रांगेत दोन पोरं हसली आणि त्यांचं हसू बाईंनी ऐकलं, ते मी पाहिलं.

बाई वळसंगच्या शेतकरी घरातल्या. मुलींनी कबड्डी खेळणं घरात कुणाला पटत नव्हतं, तरी त्या तालुक्याच्या संघात होत्या. सांगोल्याला एका सामन्यात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. हाड वाकडं बसलं, पोटरी वाळली, पाय थोडा आखूड झाला. हे सगळं त्यांनी मला एकदाच आणि एका वाक्यात सांगितलं होतं. "चढाईला गेले, आन् पाय मागं ऱ्हायला." त्यावर मी काही विचारू नये म्हणून लगेच शिट्टीची दोरी सोडवत बसल्या.

तरी त्यांनी खेळच शिकवायला घेतला. त्यांच्या तासाला कुणाला झाडाखाली बसायची मुभा नव्हती. जाड पोरं, चष्मेवाली, दम लागणारी, सगळी रिंगणात असायची. एकदा मुख्याध्यापकांनी सुचवलं, स्पर्धा जवळ आली आहे, चांगल्या खेळाडूंकडे जास्त लक्ष द्या. बाई म्हणाल्या, "ज्याला येत न्हाय त्यानंच खेळायचं, सर. येणाऱ्याला मास्तर कशाला पायजे?" आमच्या शाळेला ढाली फारशा मिळाल्या नाहीत. पण आज शहरात कुठंही गेलं तरी पोट सुटलेला एखादा गृहस्थ भेटतो आणि सांगतो की आयुष्यात आपण फक्त बाईंच्या तासाला पळलो.

बाईंचे यजमान लवकर गेले. मुलगा निखिल पुण्यात नोकरीला लागला, तिथंच त्याचा संसार झाला. बाई निवृत्त झाल्या त्या सुमाराला तो एकदा गाडीतून एक विचित्र यंत्र घेऊन आला. बॅटरीवर चालणारं एकच जाड टायर, त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं कवच, खाली पाय ठेवायला दोन पट्ट्या. हँडल नाही, सीट नाही. उभं राहायचं, पुढं झुकलं की चाक पळतं, मागं झुकलं की थांबतं. निखिलनं ते ऑफिसला जायला घेतलं होतं. रहदारीत एकदा आपटल्यावर बायकोनं सांगितलं, घरात लहान मूल आहे, हे नको. म्हणून विकलं जाईपर्यंत ते सोलापूरच्या घरात, शिलाई मशीनच्या शेजारी येऊन पडलं.

माझं घर बाईंच्या समोरच. काही दिवसांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं की बाई गच्चीवर कठड्याला धरून त्या चाकावर उभ्या आहेत. एक हात कठड्यावर, एक हवेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या, उतरायच्या, चाक वळवायच्या, पुन्हा चढायच्या. उन्हं तापेपर्यंत हे चालायचं. मला वाटलं, एकटेपणाचा काही तरी उद्योग. महिन्याभरात त्यांचा हात कठड्यावरून सुटला.

पण थांबणं जमेना. चाक थांबवायचं तर दोन्ही पोटऱ्यांनी त्याच्या अंगाला धरावं लागतं, मागच्या बाजूनं रेटावं लागतं. उजवी पोटरी भिडायची, डावी पोचायचीच नाही. मग चाक उजवीकडे ओढलं जायचं आणि कवचाची कड नडगीवर आपटायची. निखिलनं फोनवर सांगितलं की पोटरी टेकायला चाकाला लावायची तयार पॅडं मिळतात, मागवून देतो. बाईंनी विचारलं, ती दोन्ही सारखी असतात का? तो म्हणाला, अर्थात. मग त्या म्हणाल्या, नको.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. गेले तर चाक सोफ्याला टेकवून ठेवलेलं, बाई खिडकीचे गज धरून त्यावर उभ्या, हातात फळ्यावर लिहायचा मार्कर.

"मॅडम, माझी पोटरी मला दिसत न्हाय. वाकलं की पाय हलतो. तुमी जरा पायाच्या कडंनं चाकावर रेघ मारा."

त्यांनी ट्रॅक पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. मी फरशीवर बसले. उजवा पाय घडवल्यासारखा भरदार होता. डावा माझ्या मनगटापेक्षा थोडाच जाड, मधे वाकलेला, त्यावरून एक लांब पांढरा व्रण खाली घोट्यापर्यंत गेलेला. इतकी वर्षं शेजारी बसून चहा प्यायलो होतो आणि हा पाय मी कधी पाहिला नव्हता. माझा हात थांबला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मारा की रेघ. पाय चावत न्हाय," त्या म्हणाल्या.

मी रेघ मारली. त्या दिवसापासून त्या मला मॅडम म्हणायच्या थांबल्या, सुमन म्हणू लागल्या.

पहिली पॅडं शाळेच्या फाटक्या उडीच्या गादीतल्या फोमची झाली. दिसायला छान, पण थांबायच्या वेळी फोम दबून सपाट व्हायचा आणि चाक पुढंच जायचं. बाईंनी तो काढून माझ्या हातात दिला. "ह्यो लई मायाळू हाय. थांबायच्या वेळी मायाळू माणूस कामाचा न्हाय." मग त्या आपल्या नेहमीच्या चपला शिवणाऱ्या काकांकडे गेल्या. डाव्या बुटाचा तळ तेच जाड करून द्यायचे. त्यांच्याकडून सोलचं कडक शीट आणि चिकटवायचं सोल्युशन आणलं. त्याची पॅडं इतकी कडक झाली की बाईंच्या नडग्या काळ्यानिळ्या पडल्या. शेवटी दोन्हींचा मेळ बसला. आत कडक शीटचे थर, वर जुन्या योगा मॅटचा मऊ थर, आणि घामानं भिजू नये म्हणून फाटक्या रेनकोटचं कापड.

पाव कापायच्या सुरीनं त्या थर कापायच्या आणि सँडपेपरनं घासून पोटरीचा आकार आणायच्या. घरभर काळा भुगा. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबून धरायचं, हे माझं काम. बोलता बोलता दाबून धरायला त्यांनीच शिकवलं. त्या वेळात त्यांनी मला आईबद्दल सांगितलं, यजमानांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं, एरवी न बोलणारी बाई. एका गोष्टीत मात्र त्या फार काटेकोर होत्या. पॅडनं पाय धरावा, पण अडकवू नये. पडायची वेळ आली तर पाय आपोआप सुटला पाहिजे. यासाठी उजवं पॅड त्यांनी तीनदा आणि डावं कितीदा बदललं कुणास ठाऊक. तयार झालं तेव्हा उजवं बोटभर जाडीचं होतं आणि डावं चांगलं चार बोटं जाड, मधे व्रणाच्या जागी खोलगट. चर्रकन उघडणाऱ्या वेल्क्रोच्या पट्ट्यांनी ती चाकाला बसायची.

मग बाई बाहेर पडल्या. आधी पहाटे शाळेच्या मैदानावर, मग होटगी रस्त्याला भाजी आणायला. डोक्यावर हेल्मेट, पाठीला पिशवी, दोन्ही हात मोकळे. ताठ उभी साठीची बाई एका चाकावरून सरसर निघालीय आणि चहाच्या गाड्यावरची माणसं कप हातात धरून बघतायत, हे मी कितीदा पाहिलं. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. जुने विद्यार्थी मोटारसायकल हळू करून "नमस्कार बाई" म्हणायचे, तेव्हा फक्त मान हलवायच्या.

सोलापूरचा उन्हाळा त्यांनी हिशेबात धरला नव्हता. वैशाखात एका दुपारी त्या बँकेतून परत येत होत्या. उन्हानं चाकाचं कवच तापलं, पट्टीचा गोंद पातळ झाला, आणि समोर शेळी आडवी आली म्हणून बाई मागं रेलल्या तेव्हा डावं पॅड जागेवरून निसटलं. बाई रस्त्यावर पडल्या. उजवं मनगट मोडलं, गाल खरचटला. रिक्षावाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, चाक कुठं आहे.

निखिल त्याच संध्याकाळी पुण्याहून आला. येताना वाटेतून त्यानं मला फोन केला होता. काकू, तुम्ही सांगा तिला, माझं ऐकणार नाही. मी काही सांगितलं नाही, पण मलाही तेच वाटत होतं. जेवणं झाल्यावर तो शांतपणे बोलला. म्हणाला, उद्या हे चाक मी घेऊन जातो आणि विकतो. तुला फिरायचं तर रिक्षा लावून देतो, गाडी देतो, ड्रायव्हर देतो. पण या वयात, या पायानं हे नको.

बाईंनी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवला.

"निखिल, तू शाळेत होतास तवा माज्यासंगं मैदानावर कधी चालला न्हाईस," त्या म्हणाल्या. "तुजा दोष न्हाय. पोरं नक्कल करायची, तुला लाज वाटायची. म्या पण तुला कधी संगं घेतलं न्हाय."

निखिलनं मान खाली घातली.

"ह्याच्यावर मी जाते की, तवा मी लंगडत न्हाय. एवढंच हाय. बाकी काय न्हाय त्यात."

  मी उठून भांडी आवरायला लागले, कारण तिथं बसणं मला अवघड झालं.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर निखिल चाकापुढं मांडी घालून बसला होता. निसटलेलं पॅड हातात घेऊन त्यानं आपल्या पोटरीला लावून पाहिलं. ते त्याला कुठंच बसत नव्हतं. बराच वेळ तो ते फिरवून बघत होता. मग आईला म्हणाला, नुसत्या गोंदावर हे राहणार नाही, कवचाला आरपार पट्टा घेऊ. बाई म्हणाल्या, पट्टा घे, पण पाय अडकायला नको. दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं. दुपारपर्यंत निखिलनं जुन्या दप्तराचा पट्टा शिवून बसवला, बाई डाव्या हातानं बोट दाखवून चुका काढत होत्या. तो गेला तेव्हा चाक घरातच होतं.

प्लास्टर निघाल्यावर त्या पुन्हा चालवू लागल्या. दुपारी मात्र कधी नाही. दोन वर्षांनी डोळ्यांची तक्रार सुरू झाली, अंदाज चुकू लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच एके दिवशी चाक पुसून कोपऱ्यात ठेवलं आणि निखिलला फोन करून सांगितलं की मी आता पुण्याला यायला तयार आहे. निघायच्या दिवशी गाडीत सामान कमी आणि शीटं, सुऱ्या, सोल्युशनचे डबेच जास्त. मी विचारलं, आता हे कशाला? त्या म्हणाल्या, "न्यायला नको का? तितं कुणाला लागलं तर." गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरला आणि लवकर सोडला.

आणि खरंच तिथं लागलं. निखिलच्या सोसायटीतल्या एकानं बाईंबरोबर आलेली ती जुनी पॅडं पाहिली, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. असली चाकं चालवणारी पोरं बाईंकडे येऊ लागली. तयार पॅड ज्यांना बसत नव्हतं ती बहुतेक. फोनवर बाई मला सोलापूरहून सोलचं शीट पाठवायला सांगायच्या, पुण्याचं त्यांना पटत नव्हतं.

यंदा थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. बातमी कळताच मी पुण्याला गेले. घरात माणसं बसली होती. दाराबाहेर पॅसेजमध्ये एक चाक भिंतीला टेकवलेलं होतं आणि त्याच्याजवळ तिशीतला एक माणूस आत यावं की नाही अशा विचारात उभा होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. मी त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, पाय कसा गेला हे मला सगळेच विचारतात. बाईंनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, उतरताना कुठला पाय आधी खाली टाकतोस? त्या पायाला स्पर्श कळत नाही म्हणून त्यांनी त्याचं पॅड गुडघ्याच्या वरपर्यंत नेलं होतं, जिथं त्याला कळत होतं तिथपर्यंत.

मग तो घुटमळला. पिशवीतून त्यानं ते पॅड काढलं. वरचा थर सुटून लोंबत होता. "रविवारी ये म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "आज हे बोलायला नको होतं खरं तर."

निखिल उठला आणि गॅलरीतून सोल्युशनचा डबा घेऊन आला. मी बाहेर पॅसेजमध्ये, जिन्याच्या पायरीवर बसले. दोन्ही बाजूंना लावलं, बोट लावून पाहिलं, थांबले, मग दोन्ही हातांनी दाबून धरलं. आत कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. तो माणूस भिंतीला टेकून उभा राहिला, निखिल माझ्याशेजारी पायरीवर बसला. कुणालाच घाई नव्हती.

पॅड बसवून तो भिंतीला धरून चाकावर चढला. थोडा पुढं झुकला, थोडा मागं.

"वरच्या बाजूला जरासं सैल वाटतंय," तो संकोचून म्हणाला.

"मग काढा ते," मी म्हटलं. "पुन्हा लावू."

निखिल सुरी आणायला स्वयंपाकघरात गेला.