हाड म्हटल्यावर येणारा

परदेशातल्या त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे मावशी म्हणत. मावशी म्हणजे कोण, हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडचा एक ड्रायव्हर तिला तशी हाक मारायचा, बाकीच्यांनी ती उचलली. मावशीला तिथली भाषा येत होती ती भांड्यांपुरती. मीठ, गरम, धू, लवकर. एवढ्यावर दिवस रेटायचा. मराठी निघायचं ते ड्रायव्हर फेरीवरून परतला की, आणि रविवारी फोनवर लेकीशी. बाकी वेळ तोंडाला कुलूप.

कुत्र्यांची तिला लहानपणापासून धास्ती. पोटरीवर चाव्याची खूणच होती. त्यामुळे स्वयंपाकघराच्या मागच्या दारात ते तांबूस, एक कान लुळा पडलेलं भटकं कुत्रं पहिल्यांदा उभं राहिलं, तेव्हा ती दचकून मागे सरली. हातात सूपच्या पातेल्यातून काढलेल्या हाडांची परात. "हाड! हाड!" असं ओरडत तिने हाताला लागेल ते फेकलं. हाताला काय लागणार? हाडच लागलं.

कुत्र्याने ते वरच्या वर झेललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"हाड!" मावशी खेकसली.

कुत्रं शेपूट हलवत पुढे आलं आणि ऐटीत बसलं, ताट मांडायला सांगितल्यासारखं. मावशी बघतच राहिली. मग या देशात आल्यापासून पहिल्यांदा ती पोट धरधरून हसली.

"अरे मुडद्या, हाकलतेय मी तुला!"

त्याचं नाव पडलं साहेब. कारण जेवणाची सुट्टी संपली की यायचा, मान वर करून उभा राहायचा आणि उशीर झाला तर तोंड फिरवायचा.

"मावशी," ड्रायव्हर म्हणायचा, "आपल्याकडे हाड म्हटलं की कुत्रा पळतो. तुमचा धावत येतो!"

"त्याला मराठी येतं. तुझ्यापेक्षा बरं येतं."

"माणसाच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. तुमच्या जिभेवर दुसरं काही नसतंच."

"मेल्या, चहा हवाय ना? मग गप बस."

परात घासता घासता ती साहेबाला सगळं सांगायची. कँटीनवर देखरेख करणारी बाई कशी डोळे वटारते. लेकीला पाठवलेला फ्रॉक पुन्हा कसा आखूड झाला. लेक बहिणीकडे वाढत होती, पण मावशीच्या डोळ्यांपुढे अजून निघतानाचीच लेक उभी. फ्रॉकही त्याच मापाचे जायचे. साहेब हाड फोडत ऐकून घ्यायचा.

एकदा ड्रायव्हर चहा पिता पिता गंभीर झाला. "मावशी, त्याच्या गळ्यात पट्टा घाला. कुत्री पकडणारी गाडी फिरतेय. बिनपट्ट्याचं गेलं की परत येत नाही."

"पट्टा घातला म्हणजे माझा झाला तो. करार संपल्यावर काय करू? बॅगेत घालून नेऊ?" मावशीने कप उचलले. "एक मागे ठेवून आलेय. तेवढं पुरे."

गाडी आली ती भर दुपारी, ड्रायव्हर फेरीवर असताना. मावशी फाटकाजवळ कचऱ्याचा डबा रिकामा करत होती. तिच्या शेजारूनच दोन माणसं आत शिरली. हातात लांब काठ्या, टोकाला फास. साहेब आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाच्या भगदाडापाशी उन्हात पसरलेला. उठून नुसता पलीकडे निसटला असता, तरी सुटला असता.

मावशीने डबा तिथेच टाकला. कुत्र्याला पळवायचा जो शब्द जन्मभर जिभेवर होता, तोच बाहेर पडला.

"हाड! साहेब, हाड! हाड!"

साहेबाने कान टवकारला. जो टवकारता यायचा, तो. उठला. आणि भगदाडाकडे पाठ करून, सगळं अंग हलवत, सरळ तिच्याकडे धावत सुटला.

"अरे नको! जा! पळ!"

हे शब्द त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते.

फास पडला. मावशीने काठीच धरली. "माझा आहे! सोडा, माझा आहे तो!" त्यांच्या भाषेत 'माझा'ला काय म्हणतात? आठवेना. आठवणार कुठून? त्या शब्दाची इथे कधी गरजच पडली नव्हती. तोंडून निघालं ते, "गरम! लवकर! मीठ!"

त्यातल्या एकाने, तसा वाईट नव्हता तो, तिचा हात हळूच सोडवला. स्वतःच्या गळ्याभोवती बोट फिरवून दाखवलं. पट्टा कुठाय?

ओढत नेताना साहेब भुंकला नाही. तो तिच्या हाताकडे बघत होता. हात रिकामा होता.

रविवारी लेकीचा फोन आला. शाळा झाली, फ्रॉक झाला, मग नेहमीचा प्रश्न.

"आई, साहेब काय म्हणतायत? आले होते का जेवायला?"

मावशीने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आला होता गं," ती म्हणाली. "हाक मारल्याबरोबर आला."